गाडी गेली, क्रमांक राहिला : थकीत कर्जापोटी ताब्यात घेतलेली वाहने आणि नोंदणी पाटीचा प्रश्न

कर्जावर घेतलेल्या वाहनाचे हप्ते थकले की वित्तसंस्था ते वाहन परत ताब्यात घेते. लोकव्यवहारात यालाच ‘गाडी ओढून नेली’ असे म्हटले जाते. गाडी दारातून गेल्यावर कर्जदाराच्या दृष्टीने एक दुःखद अध्याय संपलेला असतो. परंतु त्या गाडीच्या पुढे व मागे बसविलेल्या पाटीवरील क्रमांक शासनाच्या दप्तरात अद्याप त्याच्याच नावावर असतो. वाहनाचा ताबा एकाकडे आणि नोंदणी दुसऱ्याच्या नावावर, अशी ही स्थिती कधी काही आठवडे, तर कधी अनेक महिने टिकते. या मधल्या काळात त्या क्रमांकाच्या गाडीने सिग्नल तोडला, पथकर चुकविला अथवा अपघात केला, तर पहिली नोटीस जाते ती गाडी गमावलेल्या माणसाकडे.

बंगळुरूमध्ये हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. या महानगरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली आहे. टॅक्सी, रिक्षा व छोटे मालवाहू टेम्पो यांवर असंख्य कुटुंबांचा चरितार्थ चालतो आणि अशी बहुतेक वाहने कर्ज काढूनच घेतली जातात. २०२० मध्ये कोविड साथीमुळे शहरातील वाहतूक ठप्प झाली, तेव्हा रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट या सहा महिन्यांसाठी हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली होती. ती मुदत संपल्यावर अनेक टॅक्सीचालकांना हप्ते भरणे अशक्य झाले व त्यांची वाहने वित्तसंस्थांच्या आवारात जाऊन उभी राहिली. त्या वेळी हप्ता, व्याज आणि दंडव्याज यांची चर्चा पुष्कळ झाली. नोंदणी पाटीची मात्र फारशी झाली नाही. वस्तुतः कायद्याने या बाबतीत बरीच स्पष्ट वाट आखून दिलेली आहे. ती वाट समजून घेणे कर्जदार, वित्तसंस्था व लिलावात गाडी घेणारा ग्राहक या तिघांच्याही हिताचे आहे.

पाटी कोणाची?

सर्वप्रथम एक मूलभूत गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. भारतात नोंदणी क्रमांक हा वाहनाला दिला जातो, व्यक्तीला नव्हे. मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून अमलात आला. त्याच्या कलम ४१ अन्वये नोंदणी प्राधिकारी प्रत्येक वाहनास एक विशिष्ट क्रमांक बहाल करतो आणि त्याच राज्यात मालक बदलला तरी तो क्रमांक सामान्यतः वाहनासोबतच राहतो. अमेरिकेतील फ्लॉरिडा, न्यू यॉर्क यांसारख्या राज्यांत पद्धत वेगळी आहे. तेथे पाटी नोंदणीधारकाची मानली जाते आणि गाडी विकताना मालक ती काढून स्वतःकडे ठेवतो. भारतीय वाचकाने तेथील नियम वाचून आपल्याकडेही गाडी गेल्यावर पाटी काढून घ्यावी, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल.

बंगळुरूच्या रस्त्यांवर दिसणारा केए-०१ हा आरंभीचा भाग कोरमंगला येथील परिवहन कार्यालयाचा, केए-०३ इंदिरानगरचा, केए-०५ जयनगरचा, तर केए-५१ इलेक्ट्रॉनिक सिटीचा. या संकेतावरून वाहनाची नोंद कोणत्या कार्यालयात आहे हे कळते. त्यापुढील अक्षरे व अंक त्या वाहनाची ओळख पूर्ण करतात. ही ओळख इंजिन क्रमांक व चासी क्रमांक यांच्याशी कायमची जोडलेली असते. म्हणून वाहन ताब्यात घेतले गेले तरी पाटी काढून घेण्याचा अधिकार कर्जदाराला पोहोचत नाही. आणि ती काढून गाडी विनापाटी वा दुसऱ्याच क्रमांकाने चालविण्याचा अधिकार वित्तसंस्थेच्या प्रतिनिधीलाही पोहोचत नाही. रस्त्यावरून आवारापर्यंत गाडी नेतानादेखील तिच्यावर मूळ पाटी स्पष्ट दिसली पाहिजे आणि तृतीय पक्ष विमा चालू असला पाहिजे. बनावट पाटी लावणे हा तर फसवणूक व बनावटीकरण यांसारख्या गंभीर गुन्ह्यांत मोडणारा प्रकार आहे.

नोंदणीपुस्तकातील बोजा

वाहनकर्ज हे बहुधा नजरगहाण पद्धतीने दिले जाते. यात वाहन कर्जदाराच्या नावावर नोंदले जाते, तोच ते वापरतो. परंतु कर्ज फिटेपर्यंत त्यावर वित्तसंस्थेचा हक्क राहतो. भाडेखरेदी पद्धतीत शेवटचा हप्ता फिटेपर्यंत वाहनाची मालकीच वित्तसंस्थेकडे असते, हा दोहोंतील फरक आहे. दोन्ही पद्धतींत नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे ज्याला सर्वत्र आरसी म्हणतात त्यावर, वित्तसंस्थेचे नाव नोंदविले जाते. परिवहन कार्यालयाच्या बोलीभाषेत यालाच ‘बोजा चढविणे’ म्हणतात. त्यासाठी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नमुना ३४ वापरला जातो. कर्ज फिटल्यावर बोजा उतरविण्यासाठी नमुना ३५ आहे.

हा बोजा म्हणजे कोरी औपचारिकता नव्हे. कायद्याच्या कलम ५१ नुसार बोजा असलेल्या वाहनाचे हस्तांतर वित्तसंस्थेच्या लेखी संमतीवाचून नोंदविता येत नाही. त्याचप्रमाणे, कर्जदाराने हप्ते थकविल्यास वित्तसंस्थेला नोंदणी आपल्या नावावर करून घेण्याचा जो मार्ग उपलब्ध होतो, तोही याच नोंदीच्या आधारे. ज्या संस्थेचे नाव प्रमाणपत्रावर नाही, तिला या मार्गाचा लाभ मिळत नाही.

ताबा घेण्याची रीत

वाहन ताब्यात घेण्याचा करार असला तरी तो कसाही अमलात आणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये एका वाहनकर्जाच्या प्रकरणात, वसुलीसाठी दांडगाई करणाऱ्या माणसांचा वापर करण्याच्या पद्धतीवर कठोर शब्दांत नापसंती व्यक्त केली. २०११ मधील आणखी एका निकालात, भाडेखरेदीच्या वाहनाचा ताबादेखील कायदेशीर मार्गानेच घेतला पाहिजे, बळाचा वापर करून नव्हे, हे तत्त्व न्यायालयाने पुन्हा अधोरेखित केले. रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांच्या वसुली प्रतिनिधींबाबत मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली व २००९ मध्ये बँकेतर वित्तीय कंपन्यांच्या वाहनकर्जांबाबतही खुलासा केला. कर्जकरारात ताबा घेण्यापूर्वीच्या नोटिशीची मुदत, ती कोणत्या परिस्थितीत माफ होऊ शकते, ताबा घेण्याची कार्यपद्धती, विक्रीपूर्वी थकबाकी भरण्याची अखेरची संधी, वाहन परत देण्याची रीत आणि लिलावाची पद्धत या सर्व गोष्टी नमूद असाव्यात, हे त्यांचे सार होते. ऑगस्ट २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने वसुलीसाठी सकाळी ८ पूर्वी व सायंकाळी ७ नंतर कर्जदारास दूरध्वनी करण्यासही मनाई केली.

नोंदणी पाटीच्या दृष्टीने या टप्प्यावर एका कागदाचे मोल सर्वाधिक आहे. तो कागद म्हणजे ताबापावती. वाहनाचा क्रमांक, इंजिन व चासी क्रमांक, मीटरवरील किलोमीटरचा आकडा, गाडीतील वस्तूंची यादी, दोन्ही पाट्या जागेवर असल्याचा उल्लेख आणि ताबा घेतल्याची तारीख व वेळ एवढ्या बाबी त्यात असल्या पाहिजेत. ताबा घेण्यापूर्वी व घेतल्यानंतर संबंधित पोलीस ठाण्यास लेखी कळविण्याची प्रथा आहे, तीही याच कारणासाठी उपयुक्त ठरते. तसे न केल्यास कर्जदार गाडी चोरीस गेल्याची तक्रार नोंदवितो, पोलिसांच्या यादीत तो क्रमांक चोरीच्या वाहनांत जातो आणि पुढे ना-हरकत प्रमाणपत्र मिळविताना सर्वांचीच अडचण होते.

कलम ५१ (५) : कायद्याने दाखविलेली वाट

गाडी ताब्यात आली, पण नोंदणी प्रमाणपत्र कर्जदाराकडेच राहिले, तर काय करावे? कर्जदार ते देण्यास नकार देत असेल किंवा फरार असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५१ च्या उपकलम ५ चा आधार घेता येतो. वित्तसंस्थेने नमुना ३६ मध्ये अर्ज करावयाचा असतो. हप्ते थकल्यामुळे आपण करारानुसार वाहन ताब्यात घेतले आहे आणि नोंदणीधारक प्रमाणपत्र देत नाही अथवा त्याचा ठावठिकाणा नाही, याबद्दल नोंदणी प्राधिकाऱ्याची खात्री पटवून द्यावी लागते.

यानंतरचा टप्पा कर्जदाराच्या हक्काचा आहे. नोंदणी प्राधिकारी त्याच्या प्रमाणपत्रावरील पत्त्यावर पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने नमुना ३७ मधील नोटीस पाठवितो व म्हणणे मांडण्याची संधी देतो. हप्ते प्रत्यक्षात भरलेले आहेत, ताबा बेकायदेशीरपणे घेतला गेला आहे, किंवा प्रकरण न्यायालयात आहे, असे काही सांगावयाचे असल्यास ते सांगण्याची ही जागा होय. त्याचे म्हणणे विचारात घेतल्यावर प्राधिकारी जुने प्रमाणपत्र रद्द करून वित्तसंस्थेच्या नावे नवे प्रमाणपत्र देऊ शकतो. मूळ प्रमाणपत्र हजर केलेले नसले तरीही. खासगी वाहनाच्या बाबतीत नवे प्रमाणपत्र जुन्याच्या उरलेल्या मुदतीपुरतेच वैध असते.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवला पाहिजे. प्रमाणपत्र नवे असले तरी वाहन तेच आणि कार्यालयही तेच असल्याने नोंदणी क्रमांक बदलत नाही. बदलते ते त्या क्रमांकापुढील मालकाचे नाव. पाटी जागची हलत नाही, परंतु तिचे उत्तरदायित्व दुसऱ्या खांद्यावर जाते. कर्जदाराच्या दृष्टीने खरी सुटका गाडी दारातून गेली त्या दिवशी होत नाही; ती होते या नोंदीच्या दिवशी.

नोटीस प्रमाणपत्रावरील पत्त्यावर जाते, ही बाबही महत्त्वाची आहे. बंगळुरूत भाड्याच्या घरात राहणारी कुटुंबे वारंवार जागा बदलतात. गाडी गेल्यावर अनेक चालक आपल्या गावी परततात. कलम ४९ नुसार पत्ता बदलल्यास तो ३० दिवसांच्या आत कळविणे नोंदणीधारकावर बंधनकारक आहे. ते न केल्यास नोटीस जुन्या दारावरून परत जाते आणि म्हणणे मांडण्याची संधी नकळत हातची निसटते.

मधल्या काळातील जबाबदारी

ताबा आणि नोंद यांतील अंतर किती त्रासदायक ठरू शकते, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. जयनगर कार्यालयात नोंदलेली एक टॅक्सी १० जून रोजी वित्तसंस्थेने ताब्यात घेतली. २५ जून रोजी ती एका आवारातून दुसऱ्या आवारात नेली जात असताना चालकाने लाल दिवा ओलांडला. ऑगस्टमध्ये लिलाव झाला. खरेदीदाराने नोंदणी आपल्या नावावर करून घेण्यास ऑक्टोबर उजाडला. या चार महिन्यांत त्या क्रमांकावर झालेला प्रत्येक दंड मूळ टॅक्सीचालकाच्या नावे जमा होत राहील.

पूर्वी दंडासाठी वाहन प्रत्यक्ष अडवावे लागे, तेव्हा चालक कोण हे तेथेच कळत असे. आता तसे राहिलेले नाही. डिसेंबर २०२२ मध्ये बंगळुरूतील ५० चौकांत पाटीवरील क्रमांक आपोआप वाचणाऱ्या कॅमेऱ्यांसह नवी वाहतूक व्यवस्थापन प्रणाली सुरू झाली. कॅमेऱ्याला पाटी दिसते, सुकाणूमागचा माणूस कोणाचा हे दिसत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये थकीत दंडावर ५० टक्के सवलत जाहीर होताच शहरात अल्पावधीत १०० कोटी रुपयांहून अधिक दंड जमा झाला. क्रमांकांवर साचलेली थकबाकी किती मोठी असते, याची त्यावरून कल्पना येते.

अशा नोटिशीला उत्तर देण्याची सोय कायद्यात आहे. केंद्रीय नियमांतील नियम १६७ अ हा ऑगस्ट २०२१ मध्ये अमलात आला. त्यानुसार इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने टिपलेल्या गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवावयाची असते. कायद्याच्या कलम १३३ अन्वये, पोलिसांनी विचारणा केल्यास वाहन कोण चालवीत होते याची माहिती देणे मालकाचे कर्तव्य आहे. ज्याच्याकडून वाहन नेले गेले आहे, त्याने ताबापावतीची प्रत जोडून गुन्ह्याच्या तारखेस वाहन वित्तसंस्थेच्या ताब्यात होते, असे लेखी कळवावे. येथे तारीख आणि वेळ लिहिलेल्या पावतीचे महत्त्व ध्यानात येते.

अपघाताच्या बाबतीत प्रश्न अधिक गंभीर होतो, कारण भरपाईची रक्कम लाखांत जाऊ शकते. कलम २ (३०) मधील व्याख्येनुसार ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो मालक. परंतु नजरगहाण वा भाडेखरेदीच्या वाहनाबाबत त्या कराराखाली ज्याच्या ताब्यात वाहन आहे ती व्यक्ती मालक समजली जाते. या व्याख्येच्या आधारे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये, वाहन कर्जदाराच्या ताब्यात असताना झालेल्या अपघाताची जबाबदारी केवळ कर्ज दिल्यामुळे बँकेवर येत नाही, असा निर्णय दिला. दुसऱ्या बाजूने, ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात न्यायालयाने असे स्पष्ट केले, की गाडी अनेकांना विकली गेली तरी नोंदणी ज्याच्या नावावर राहिली आहे तोच भरपाईसाठी मालक ठरतो. अपघातग्रस्ताने हस्तांतरांच्या साखळीचा माग काढीत फिरावे, अशी अपेक्षा ठेवता येत नाही. हे दोन्ही निकाल एकत्र वाचले असता एकच बोध मिळतो : ताबा कोणाकडे होता हे सिद्ध करणारा कागद आणि नोंदणीतील वेळेवर झालेला बदल, या दोन गोष्टीच कर्जदाराचे खरे संरक्षण करू शकतात.

पाटी केव्हा उतरवावी?

ताबा बदलल्याने पाटी बदलत नसली, तरी पुढील प्रवासात असे काही प्रसंग येतात, की पाटी बदलणे आवश्यक ठरते.

पहिला प्रसंग अतिसुरक्षित पाटीचा. केंद्र शासनाने नियम ५० मध्ये २००१ साली दुरुस्ती करून अशा पाटीची तरतूद केली. १ एप्रिल २०१९ पासून नव्या वाहनांना उत्पादकांमार्फतच ही पाटी मिळते. अॅल्युमिनियमच्या या पाटीवर अशोकचक्राची क्रोमियम-आधारित उष्णमुद्रित होलोग्राम खूण आणि लेझरने कोरलेला किमान दहा अंकी ओळख क्रमांक असतो. एकदा उघडले की पुन्हा वापरता न येणाऱ्या कुलूपखिळ्यांनी ती गाडीवर पक्की केलेली असते. चारचाकी वाहनांच्या पुढील काचेवर आतून लावलेली चिकटपट्टी ही जणू तिसरी पाटीच होय. कर्नाटक शासनाने ऑगस्ट २०२३ मध्ये, १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या सुमारे दोन कोटी जुन्या वाहनांनाही ही पाटी सक्तीची केली व त्यासाठीची मुदत नंतर वेळोवेळी वाढविली. आवारात उभ्या असलेल्या जुन्या गाडीला अशी पाटी नसेल, तर ती नोंदणीचा तपशील देऊन अधिकृत मार्गानेच मागवावी लागते. दप्तरी जर मूळ कर्जदाराचाच भ्रमणध्वनी क्रमांक असेल, तर पडताळणीचा सांकेतिक क्रमांक त्याच्याकडे जातो. नोंदणी आधी आपल्या नावावर करून घेण्याचे हेही एक व्यावहारिक कारण आहे.

दुसरा प्रसंग पाटी हरवण्याचा वा मोडण्याचा. उघड्या आवारात महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या पाट्या निखळतात, चोरीसही जातात. चोरीला गेलेली पाटी दुसऱ्याच गाडीवर लागली, तर तिचा ताप पुन्हा मूळ नोंदणीधारकाला होतो. म्हणून पाटी नाहीशी झाल्याचे ध्यानात येताच पोलिसांत तक्रार नोंदवून तिच्या प्रतीसह नवी पाटी मागविली पाहिजे. साध्या दुकानातून तसाच क्रमांक रंगवून घेणे नियमबाह्य आहे.

तिसरा प्रसंग वापर बदलण्याचा. टॅक्सीची पाटी पिवळी व तीवरील अक्षरे काळी असतात. खासगी गाडीची पाटी पांढरी. लिलावात घेतलेली टॅक्सी घरगुती वापरासाठी ठेवावयाची असल्यास आधी परवाना परत करणे, कराचा फरक भरणे आणि वाहनाचा वर्ग बदलून घेणे आवश्यक असते. त्यानंतरच पांढरी पाटी लावता येते. नुसता रंग बदलून परवान्याचा प्रश्न सुटत नाही.

चौथा प्रसंग राज्य बदलण्याचा. तो सीमाभागातील मराठी वाचकांना अधिक जवळचा आहे. बंगळुरूतील लिलावात स्वस्तात मिळालेली गाडी पुढे कोल्हापूर, सांगली वा पुण्यास नेली जाते. कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा अधिक काळ ठेवल्या जाणाऱ्या वाहनाला तेथील नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी कलम ४८ अन्वये नमुना २८ मध्ये अर्ज करून मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. दंड थकलेला असेल, कर बाकी असेल, चोरीची नोंद असेल किंवा बोजा उतरलेला नसेल, तर गाडी तेथेच अडकते. नवा क्रमांक मिळाल्यावर जुनी पाटी जमा करून ती नष्ट केली जाणे आवश्यक असते. केए-०५ चा क्रमांक अशा रीतीने एमएच-०९ होतो आणि मगच जुन्या क्रमांकाची कहाणी संपते. बेळगाव अथवा निपाणीचा खरेदीदार असल्यास राज्य तेच राहते. त्याला नवा क्रमांक घ्यावा लागत नाही, मात्र नाव व पत्ता यांची नोंद करून घ्यावी लागतेच.

लिलावातील खरेदीदार

लिलावात कमी किंमत दिसते, तिच्यामागील कागद दिसत नाहीत. कलम ५० प्रमाणे हस्तांतराची माहिती देण्याची जबाबदारी देणारा व घेणारा या दोघांवरही आहे. त्याच राज्यात हस्तांतर झाल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. त्यासाठी नमुने २९ व ३० आहेत. कर्ज देतेवेळीच या नमुन्यांवर कर्जदाराच्या कोऱ्या सह्या घेऊन ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. अशा कागदावर विक्रीची तारीख व खरेदीदाराचे नाव नंतर कोणीही भरू शकते. म्हणून ही पद्धत कर्जदारासाठी धोक्याची आहे आणि वाद झाल्यास खरेदीदारालाही ती अडचणीत आणू शकते. कलम ५१ (५) चा मार्ग थोडा लांबचा असला तरी स्वच्छ आहे.

ताब्यात घेतलेल्या पुष्कळ गाड्या जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांमार्फत बाजारात येतात. अशा विक्रेत्यांसाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत नवी तरतूद करण्यात आली व ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. अधिकृत विक्रेत्याकडे वाहन सोपविल्याची माहिती मालकाने नोंदणी प्राधिकाऱ्यास इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली, की तो विक्रेता ‘मानीव मालक’ ठरतो. वाहनाची जबाबदारी त्याच्याकडे जाते. चाचणी, दुरुस्ती, देखभाल अशा ठरावीक कारणांखेरीज त्याला ते रस्त्यावर आणता येत नाही आणि प्रत्येक फेरीची नोंद इलेक्ट्रॉनिक वहीत ठेवावी लागते. ताबा व नोंद यांतील दरी भरून काढण्याचा हा स्तुत्य प्रयत्न आहे.

तिघांनी घ्यावयाची काळजी

कर्जदाराने ताबापावती मागून घ्यावी व जपून ठेवावी. वाहन नेल्याची तारीख लेखी पत्राने नोंदणी कार्यालयास व वाहतूक पोलिसांस कळवावी आणि पत्राची पोच घ्यावी. गाडीवरील फास्टॅग आपल्या बँकेकडून बंद करून घ्यावा, अन्यथा पथकर त्याच्याच खात्यातून वजा होत राहील. विमा कंपनीस कळवावे. क्रमांकावरील दंड परिवहन विभागाच्या संकेतस्थळावर अधूनमधून तपासावेत. लिलावाची रक्कम थकबाकीपेक्षा अधिक आली असल्यास उरलेली रक्कम मागण्याचा त्याला हक्क आहे. हिशेबाची प्रत मागावी.

वित्तसंस्थेने दोन्ही पाट्यांची छायाचित्रे ताब्याच्या वेळीच काढून ठेवावीत, गाडी विम्याविना रस्त्यावर आणू नये, नमुना ३६ चा अर्ज विनाविलंब करावा आणि नोंदणीचा बदल पूर्ण झाल्याखेरीज खरेदीदाराच्या हाती किल्ली देऊ नये.

खरेदीदाराने गाडीवरील क्रमांक, लेझर क्रमांक, इंजिन व चासी क्रमांक प्रमाणपत्राशी ताडून पाहावेत. थकीत दंड, कर, बोजा व चोरीची नोंद यांची खातरजमा करावी. प्रमाणपत्रावर विकणाऱ्या संस्थेचे नाव मालक म्हणून आले आहे की मूळ कर्जदाराचेच नाव आहे, हे किंमत ठरविण्यापूर्वी विचारावे.

नोंदीची तत्परता हाच उपाय

देशभरातील वाहनांची माहिती आता ‘वाहन’ या राष्ट्रीय संगणकीय प्रणालीत एकत्रित झाली आहे. मानीव मालकाची जी संकल्पना विक्रेत्यांसाठी स्वीकारण्यात आली, तिचाच विस्तार वाहन ताब्यात घेणाऱ्या वित्तसंस्थांपर्यंत होणे तर्कसंगत ठरेल. ताबा घेतल्याच्या दिवशीच त्याची नोंद या प्रणालीत झाली व तीच माहिती वाहतूक पोलिसांना दिसू लागली, तर दंडाची नोटीस आपोआप योग्य दारी जाईल. यासाठी नव्या पाटीची गरज नाही. पाटीमागील नोंद वेळेवर बदलण्याची आहे.

हप्ते थकलेल्या टॅक्सीचालकाने रोजगाराचे साधन गमावलेले असते, कर्जाचा उरलेला भारही बहुधा त्याच्या डोक्यावर असतो. ज्या गाडीवर त्याचा हात नाही, तिच्या दंडाचा व अपघाताचा भारही त्यानेच वाहावा, हे न्याय्य नाही आणि कायद्याचा हेतूही तसा नाही. वित्तसंस्थांनी अर्जास विलंब न करणे, नोंदणी कार्यालयांनी तो वेळेत निकाली काढणे आणि कर्जदाराने एक पावती जपून ठेवणे, एवढ्याने हा अन्याय पुष्कळ अंशी टळू शकतो.